वर न चढणारा प्रोसेसर : वारंवारता-ड्रायव्हरमधील एका दोषावर संवाद

प्रोसेसरची वारंवारता बदलणारा ड्रायव्हर हा कर्नलचा लहानसा, पण सतत जागा असलेला भाग असतो. कामाचा भार वाढला की कोअरची वारंवारता वर न्यायची, भार ओसरला की खाली आणायची आणि दर वेळी हार्डवेअरला कळेल अशा स्वरूपात तो हुकूम पोचवायचा, एवढेच त्याचे काम. या कामाचे कारण भौतिकशास्त्रात आहे. चिपमधले ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारंवारता वाढवायची तर बहुतेक वेळा व्होल्टेजही वाढवावे लागते. त्यामुळे वेगात थोडी भर पडली तरी विजेचा खर्च त्याहून बराच जास्त वाढतो. गरज नसताना कोअरला वरच्या वेगात ठेवणे ही उधळपट्टी ठरते. गरज असताना त्याला खाली ठेवणे हा मात्र सरळ दोष आहे. येथे त्या दुसऱ्या प्रकारातल्या एका दोषाचा विचार केला आहे.

लिनक्स कर्नलमध्ये या कामाची वाटणी ठरलेली आहे. किती वारंवारता हवी हे ‘गव्हर्नर’ ठरवतो आणि ती हार्डवेअरपर्यंत ‘ड्रायव्हर’ पोचवतो. २००४ मध्ये आलेला ‘ऑनडिमांड’ हा गव्हर्नर बरीच वर्षे सर्वत्र वापरात होता; कोअर किती वेळ कामात होता आणि किती वेळ रिकामा, हे तो ठरावीक काळाने तपासत असे. २०१६ मध्ये ४.७ या आवृत्तीत ‘शेडयुटिल’ दाखल झाला. त्याची स्वतंत्र मोजणी नाही. कोणते काम कोणत्या कोअरवर चालवायचे हे ठरवणाऱ्या शेड्यूलरकडे भाराचा हिशेब आधीपासून असतो. शेडयुटिल तोच घेतो. ड्रायव्हरांपैकी ‘एसीपीआय-सीपीयूफ्रेक’ हा सर्वांत सर्वसाधारण. फर्मवेअरने एसीपीआय या मानकानुसार दिलेला वारंवारतांचा तक्ता वाचायचा आणि त्यातली एक ओळ निवडून प्रोसेसरला कळवायची, ही त्याची रीत.

२०२०च्या अखेरीस ५.११ या आवृत्तीची तयारी सुरू असताना एएमडीच्या ‘एपिक’ प्रोसेसरांसाठी भाराच्या हिशेबात एक सुधारणा घालण्यात आली. त्यानंतर फोरॉनिक्स या संकेतस्थळाने घेतलेल्या चाचण्यांत शेडयुटिल वापरणाऱ्या एपिक यंत्रांचा वेग लक्षणीय घसरलेला दिसला. कर्नल कोसळत नव्हता आणि त्रुटीचा संदेशही येत नव्हता. निकाल बरोबर येत होते, फक्त उशिरा. असा दोष शोधायला अवघड, कारण कोणताही एक भाग चुकलेला दिसत नाही. तो कोणाचा आणि कुठे दुरुस्त करायचा यावर दोन प्रामाणिक भूमिका घेता येतात. भाराचे गणित सांभाळणाऱ्यांची भूमिका इथे ‘सूत्रपक्ष’ या नावाने मांडली आहे आणि हार्डवेअरशी बोलणारा कोड सांभाळणाऱ्यांची ‘ड्रायव्हरपक्ष’ या नावाने.

सूत्रपक्ष : आधी आमची सुधारणा कशासाठी होती ते ऐकून घ्या. कोअर शंभर टक्के कामात आहे, एवढ्यावरून काहीच कळत नाही. १.५ गिगाहर्ट्झवरचे शंभर टक्के आणि ३.४ गिगाहर्ट्झवरचे शंभर टक्के यांत दुपटीहून जास्त फरक आहे. एखादं काम खालच्या वेगात कोअर पूर्ण व्यापतं, तेच वरच्या वेगात निम्माही व्यापत नाही. म्हणून भार वारंवारतेने गुणायचा आणि कमाल वारंवारतेने भागायचा. मग तो आकडा वेगावर अवलंबून राहत नाही. एका कोअरवरचा भार दुसऱ्याशी ताडून बघता येतो.

ड्रायव्हरपक्ष : चालू वारंवारता तुम्हाला कुठून कळते? आम्ही मागितलेली आणि प्रत्यक्ष चाललेली यांत अंतर असतं.

सूत्रपक्ष : म्हणून तर तुम्हाला विचारत नाही! प्रोसेसरमध्ये ‘एमपर्फ’ आणि ‘एपर्फ’ अशी दोन मोजणी-रजिस्टरं असतात. पहिलं स्थिर संदर्भ-वेगाने वाढतं, दुसरं कोअरच्या खऱ्या वेगाने. कोअर झोपला की दोन्ही थांबतात. दोन क्षणांमधली त्यांची वाढ घेऊन भागाकार केला की मधल्या काळात कोअर सरासरी किती वेगाने धावला ते कळतं. ही पद्धत इंटेलच्या प्रोसेसरांसाठी ५.७ आवृत्तीपासून, २०२० पासून वापरात आहे. आम्ही ती एएमडीपर्यंत नेली, इतकंच.

या मोजणीत वादाला जागा नाही. वाद सुरू होतो तो भागाकाराच्या खालच्या आकड्यापाशी, म्हणजे कमाल वारंवारता नेमकी किती धरायची इथे. एपिक ७७४२ हा प्रोसेसर उदाहरणादाखल घेता येईल. त्यात ६४ कोअर आहेत, मूळ वारंवारता २.२५ गिगाहर्ट्झ आणि बूस्टची कमाल ३.४ गिगाहर्ट्झ. (पुण्याच्या सी-डॅकमधील ‘परम सिद्धी-एआय’ या महासंगणकातही हाच प्रोसेसर आहे.) एसीपीआयच्या तक्त्यात मात्र त्याच्या तीनच ओळी येतात : १.५, २.० आणि २.२५. तक्ता वाचणाऱ्याला ३.४ हा आकडा कुठेच दिसत नाही.

ड्रायव्हरपक्ष : कारण बूस्ट मागायची गोष्टच नाही. वरची ओळ मागितली की प्रोसेसर स्वतः बघतो : तापमान किती, वीज किती उरली आहे, शेजारचे किती कोअर जागे आहेत. सवड असेल तर तो २.२५ च्या वर जातो. म्हणजे २.२५ ही ओळ एक वेगही आहे आणि बूस्टचं दारही आहे. खालच्या दोन ओळींतून बूस्टला वाट नाही. इंटेलच्या जुन्या तक्त्यांतही हीच अडचण होती. तिथे टर्बोची, म्हणजे इंटेलच्या बूस्टची, ओळ मूळ वेगाहून फक्त १ मेगाहर्ट्झने जास्त दाखवायचा प्रघात पडला. २४०० च्या वर २४०१ लिहिलं की समजायचं, ही टर्बोची ओळ. खरा टर्बो वेग किती, हे त्यातून कळत नाही.

सूत्रपक्ष : मग कोअरची खरी कमाल २.२५ नाही, हे तुम्हालाही मान्य आहे. आम्हाला बूस्ट धरणं भागच होतं. २.२५ ने भागलं असतं तर बूस्टमध्ये धावणाऱ्या कोअरचा भार शंभराच्या वर गेला असता आणि तो शंभरावर छाटावा लागला असता. दुसऱ्या बाजूला, सगळे कोअर एकदम ३.४ वर जाऊ शकत नाहीत, सगळ्यांना ३.४ ने भागलं तर पूर्ण दमलेला कोअरही अर्धवट रिकामा दिसला असता. म्हणून मधला मार्ग काढला : २.२५ आणि ३.४ यांचा मध्य, २.८२५.

हा मध्य सोयीस्कर तडजोड वाटला तरी त्यामागचा विचार योग्य होता. भार मोजण्यापुरते २.८२५ ने भागणे समर्थनीय आहे. दोष त्यापुढच्या पायरीवर दिसतो, जिथे या भारावरून पुढची वारंवारता काढली जाते. शेडयुटिलचे सूत्र असे आहे : पुढची वारंवारता = १.२५ × कमाल वारंवारता × भार. यातला १.२५ हा मोकळीक ठेवण्यासाठी आहे. कोअर ऐंशी टक्के भरला की त्याला वरच्या वेगाकडे न्यायचे, पूर्ण भरेपर्यंत थांबायचे नाही. आणि या सूत्रातली ‘कमाल वारंवारता’ ड्रायव्हरकडून येते. ड्रायव्हरने ती तक्त्यातून घेतली होती, म्हणजे २.२५.

आता गणित मांडता येते. भार काढताना २.८२५ ने भागले जाते, वारंवारता काढताना २.२५ ने गुणले जाते. पूर्ण कामात असलेल्या कोअरसाठी चालू वारंवारतेला लागणारा गुणक होतो १.२५ × २.२५ ÷ २.८२५, म्हणजे सुमारे ०.९९६. एकाहून किंचित कमी. सगळा दोष या किंचितपणात आहे. कोअर १.५ वर शंभर टक्के राबतो आहे असे धरले, तर सूत्र पुढच्या वेळी १.४९ मागते. तक्त्यात १.४९ च्या बरोबर किंवा लगेच वरची ओळ १.५ ची. कोअर तिथेच राहतो. पुन्हा मोजणी, पुन्हा १.४९, पुन्हा १.५. काम कितीही साचले तरी वर चढण्याचे कारण सूत्राला कधीच सापडत नाही. २.० वरही तीच गत : मागणी १.९९ ची, ओळ २.० ची.

उतरणे मात्र सोपे. २.२५ वर चाललेल्या कोअरचा भार क्षणभर ८५ टक्क्यांवर आला की मागणी १.९ ची होते आणि कोअर २.० वर येतो. काम परत पूर्ण भरले तरी तो २.० च्या वर जात नाही. आणखी एक मोकळा श्वास मिळाला की १.५. पायऱ्या फक्त खाली जातात. प्रत्यक्ष कामात असे क्षण सतत येतात, डिस्कची वाट, नेटवर्कची वाट, शेजारच्या धाग्याची वाट. त्यामुळे अनेक कोअरवर पसरलेल्या कामात बरेच कोअर तळाला जाऊन बसणे स्वाभाविक होते. वरची ओळ न मागितल्यामुळे बूस्टही बंद. ज्याला ३.४ पर्यंत जायची मुभा होती तो पूर्ण ताकदीच्या कामात १.५ वर रांगत राहतो.

ड्रायव्हरपक्ष : तुमच्या सुधारणेआधी हे होत नव्हतं, हेही लक्षात घ्या. भाराचा वेगनिरपेक्ष हिशेब नसेल तेव्हा शेडयुटिल कमाल वारंवारतेऐवजी चालू वारंवारतेला गुणतो. १.५ वर पूर्ण भार असेल तर १.२५ गुणिले १.५, म्हणजे १.८७५, म्हणून ओळ २.० ची. तिथून २.५ ची मागणी, म्हणून सर्वांत वरची ओळ. दोन झेपांत माथ्यावर. आमचा तक्ता तेव्हाही हाच होता. बदललं ते तुमचं गणित.

सूत्रपक्ष : बदललेली ओळ आमची, हे खरं. पण चूक आमची म्हणता येईल का? सूत्रात ‘कमाल’ आम्ही तुमच्याकडून घेतली. तुम्ही २.२५ सांगितलं. कोअर ३.४ वर जातो आणि ड्रायव्हर म्हणतो २.२५ च्या वर काही नाही, तर खोटं कोण बोललं?

ड्रायव्हरपक्ष : एकाच कापडाला जाताना एका गजाने मोजलं आणि येताना दुसऱ्या. दोन्ही गज बरोबर असले तरी कापड आखूड पडणारच.

यातली कोणतीही भूमिका चुकीची ठरवता येत नाही. दोष शोधणाऱ्याला पडणारा पहिला मोह असा की ज्या बदलानंतर बिघाड दिसला तो बदल हाच दोष. आवृत्त्यांच्या इतिहासात मधोमध छेद घेत दोषाचा उगम शोधण्याची पद्धत एका बदलाकडे बोट दाखवते. इथेही तिने एएमडीसाठीच्या सुधारणेकडेच दाखवले. पण ती पद्धत फक्त बिघाड केव्हा दिसू लागला ते सांगते. ड्रायव्हरचा अपुरा आकडा आधीपासून होता. त्यावर विसंबणारे कोणी नव्हते म्हणून तो निरुपद्रवी होता. विसंबणारा आला आणि तो आकडा घातक ठरला.

बिघाडाच्या प्रसाराचे एक कारण तर दोन्ही पक्षांच्या बाहेर होते. ५.१० च्या तयारीत कर्नल बांधतानाच्या पर्यायांत बदल झाला होता : इंटेलचा ‘इंटेल-पीस्टेट’ हा ड्रायव्हर बांधणीत समाविष्ट असेल, तर ऑनडिमांड आपोआप निवडला जात नसे आणि शेडयुटिल मूळ निवड होण्याची वाट सोपी होत असे. लिनक्सची वितरणे एकच कर्नल सगळ्या यंत्रांसाठी बांधतात, म्हणून त्यांत दोन्ही ड्रायव्हर असणे साहजिक होते. त्यामुळे ज्या यंत्रात इंटेलचा प्रोसेसरच नाही, त्याचाही गव्हर्नर शेडयुटिल होऊ शकत होता. मालकाने काहीही न बदलता दोष त्याच्या घरी येऊ शकत होता.

सूत्रपक्ष : एक शंका मनापासून आहे. कोअर खाली चालला तर वीजही वाचली. या घसरणीला दोषच का म्हणायचं? एडिनबरा विद्यापीठातला ‘आर्चर-२’ महासंगणक हेच एपिक ७७४२ वापरतो, आणि २०२२ च्या अखेरीस तिथे कामांची मूळ वारंवारता मुद्दाम २.० गिगाहर्ट्झ केली, वीज वाचावी म्हणून.

ड्रायव्हरपक्ष : तिथे ती निवड होती. वेग किती घटतो आणि वीज किती वाचते, हे बघून ठरवलेली. ज्याला जास्त वेग हवा तो आपल्या कामापुरता २.२५ मागू शकतो. इथे कोणी काही ठरवलेलं नाही. मागणाऱ्याला पूर्ण वेग हवा आहे, गव्हर्नरचं ध्येयही भारानुसार वेग देणं हेच आहे, आणि मिळतो तळाचा वेग. शिवाय काम लांबलं की सगळं यंत्र तितका जास्त वेळ जागं राहतं : स्मृती, पंखे, डिस्क. कोअरची वाचलेली वीज तिकडे जाते.

हे उत्तर निर्णायक मानायला हवे. ड्रायव्हरने ऊर्जा वाचवली की नाही हा त्याच्या योग्यतेचा निकष होऊ शकत नाही; मागितलेले धोरण त्याने पाळले की नाही, हाच निकष.

दुरुस्तीसाठी तीन वाटा होत्या. पहिली, एएमडीसाठीची सुधारणा मागे घेणे. प्रकाशनाची तारीख जवळ आलेली असताना ही सर्वांत सुरक्षित वाट, पण त्याने मोजणीतला खरा फायदा हातचा जाई आणि ड्रायव्हरचा अपुरा आकडा पुढच्या कोणासाठी तरी तसाच राही. दुसरी, सूत्रातच बूस्टची कमाल धरणे. तसा प्रस्ताव जानेवारी २०२१ मध्ये पुढे आलाही होता. तिसरी, ड्रायव्हरलाच खरी कमाल सांगायला लावणे.

सूत्रपक्ष : दुसरी वाट आम्हाला जवळची. बदल एका जागी राहतो, परिणाम मोजता येतो.

ड्रायव्हरपक्ष : आणि सर्वसाधारण सूत्रात एका कंपनीच्या प्रोसेसरांची अट शिरते. आज एपिक, उद्या आणखी कोणी. हार्डवेअरचं ज्ञान ज्याच्या हद्दीत आहे त्यानेच ते सांगावं. आम्ही सांगतो. आकडा हवा कुठून, एवढाच प्रश्न.

आकडा सीपीपीसीमध्ये होता. एसीपीआयच्या ५.० आवृत्तीपासून असलेली ही पद्धत वारंवारता गिगाहर्ट्झमध्ये न सांगता एका अमूर्त मापावर सांगते : सर्वोच्च पातळी इतकी, मूळ पातळी इतकी, नीचतम इतकी. सर्वोच्च पातळीला मूळ पातळीने भागले की बूस्ट मूळ वेगाच्या किती पट ते मिळते. त्याने मूळ वारंवारतेला गुणले की बूस्टची कमाल. भाराचा हिशेब लावणारा कोड हेच गुणोत्तर आधीपासून वापरत होता. म्हणजे माहिती एका भागाकडे होती आणि दुसऱ्याकडे नव्हती, एवढ्यावरून सगळा विसंवाद निर्माण झाला होता. कर्नलच्या सीपीयूफ्रेक या वारंवारता-विभागाची देखभाल करणारे राफाएल विसोत्स्की यांनी तिसरी वाट घेतली. एसीपीआय-सीपीयूफ्रेकने सीपीपीसी वाचून तक्त्याच्या माथ्यावर बूस्टची एक जादा ओळ घालावी, असा बदल त्यांनी केला. ती निवडली तरी प्रोसेसरकडे जाणारा हुकूम पूर्वीच्या वरच्या ओळीचाच. बदलतो तो फक्त कमालीचा आकडा. त्यामुळे गुणक झाला १.२५ × ३.४ ÷ २.८२५, म्हणजे सुमारे १.५. आता १.५ वर पूर्ण भार असलेला कोअर एका झेपेत २.२५ च्या पलीकडची मागणी करतो आणि वरच्या ओळीवर जातो.

सूत्रपक्ष : ज्या यंत्राचं फर्मवेअर सीपीपीसी देतच नाही त्याचं काय?

ड्रायव्हरपक्ष : तिथे बूस्ट किती हे आम्हाला खरोखर माहीत नाही. आणि माहीत नसलेला आकडा घडवून सांगायचा नाही. तिथे आम्ही तुम्हालाच विनंती करतो की भार मूळ वारंवारतेनेच भागा.

सूत्रपक्ष : म्हणजे २.२५ ने भागायचं आणि २.२५ ने गुणायचं. गुणक पुन्हा १.२५.

ड्रायव्हरपक्ष : हो. बूस्टमध्ये भार शंभरावर छाटला जाईल, पण कोअर वर चढेल.

या दुरुस्तीतली ही बाजू विशेष मोलाची आहे. खरी कमाल माहीत असणे ही अट नव्हती. दोन्ही ठिकाणचे आकडे एकमेकांशी सुसंगत असणे आणि गुणक एकाच्या वर राहणे ही होती. सीपीपीसी असेल तर दोघांनी मिळून वर यायचे, नसेल तर दोघांनी मिळून खाली. ५.११ ही आवृत्ती १४ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रसिद्ध झाली, तोवर हा बदल तिच्यात गेला होता.

तरी प्रकरण संपले नाही. तक्त्यात जादा ओळ आल्यामुळे यंत्राची चालू वारंवारता दाखवणाऱ्या फायलींमधले आकडे बदलले. तक्त्यातली जी ओळ निवडली तिचा आकडा तिथे दिसतो, आणि आता ती ओळ बूस्टची होती. म्हणून जिथे आधी मूळ वारंवारता दिसे तिथे बूस्टचा आकडा दिसू लागला. प्रोसेसर तेच करत होता जे आधी करत होता. पाहणाऱ्याला मात्र वेगळे दिसत होते.

सूत्रपक्ष : यात बिघडलं काय? वेग बरोबर मिळतो, दाखवलेल्या आकड्याने कामाला फरक पडत नाही.

ड्रायव्हरपक्ष : पडतो. लोकांची देखरेखीची साधनं हेच आकडे वाचतात. त्यावर आलेख काढतात, धोक्याचे इशारे लावतात. कर्नलने बाहेर दाखवलेला आकडा हा बाहेरच्यांशी केलेला करार आहे. आतला दोष दुरुस्त करताना तो मोडायचा नाही.

ड्रायव्हरपक्षाचा हा आग्रह योग्यच आहे आणि कर्नलच्या जगात तो फार जुना आहे : बाहेरच्या प्रोग्रामांना दिसणारे वर्तन बदलू नये. थोड्याच काळात दुसरी दुरुस्ती आली. तिने जादा ओळ काढून टाकली आणि तक्ता पूर्वीसारखा तीन ओळींचा केला. त्याऐवजी एक सूक्ष्म बदल झाला. धोरणातली ‘कमाल वारंवारता’ ही तक्त्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्याइतकीच असली पाहिजे, हे गृहीतक सोडून दिले. ड्रायव्हरला ती तक्त्याहून वर ठेवण्याची मुभा दिली. तक्ता म्हणजे काय मागता येते. कमाल म्हणजे कोअर कुठवर जाऊ शकतो. इतके दिवस या दोन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्याने सांगितल्या जात होत्या, आणि मूळ दोष तिथेच रुजलेला होता. पहिल्या दुरुस्तीने दोषाचा परिणाम घालवला, दुसरीने त्याचे मूळ. म्हणून या दोन्हींपैकी दुसरीच जास्त शिकण्यासारखी आहे, जरी तिचा कोड थोडा होता.

सूत्रपक्ष : आता कमाल सीपीपीसीवर अवलंबून राहिली. फर्मवेअरनेच चूक सांगितलं तर?

ही शंका खरी ठरली. एएमडीच्याच काही रायझन प्रोसेसरांच्या बाबतीत कमाल वारंवारता ७२२८.३१९८ मेगाहर्ट्झ दिसू लागली, आणि तीही अशा यंत्रावर ज्याची चालू वारंवारता ३४०० मेगाहर्ट्झ होती. असा प्रोसेसर अस्तित्वात नव्हता. कारण असे की सर्वोच्च पातळी २५५ धरून गुणोत्तर काढले जाई, आणि ते सगळ्या पिढ्यांना लागू नव्हते. काही पिढ्यांसाठी १६६ धरायला हवे होते. खोट्या सर्वोच्च पातळीमुळे बूस्टचे गुणोत्तर फुगले आणि ड्रायव्हरने सांगितलेली कमालही फुगली. मे २०२१ च्या सुमारास आलेल्या दुरुस्तीत या पिढ्यांची यादी करून त्यांच्यासाठी १६६ वापरण्यात आले.

ड्रायव्हरपक्ष : यादी ठेवावी लागली, याचं दुःख आहे. नवी पिढी आली की यादीत भर.

सूत्रपक्ष : पण यादी तुमच्या हद्दीत राहिली. आमच्या सूत्राला १६६ आणि २५५ यांतलं काही कळावं लागलं नाही.

एएमडीच्या प्रोसेसरांसाठी पुढे ‘एएमडी-पीस्टेट’ हा स्वतंत्र ड्रायव्हर मार्च २०२२ मध्ये ५.१७ आवृत्तीत आला. तो एसीपीआयच्या तीन ओळींच्या तक्त्यावर चालत नाही. सीपीपीसीच्या अमूर्त मापावर नीचतम ते सर्वोच्च अशी सलग मागणी करतो, त्यामुळे बूस्टचा पट्टाही त्याच्या मागणीच्या आवाक्यात येतो. ज्या यंत्रांचे फर्मवेअर सीपीपीसी देत नाही तिथे एसीपीआय-सीपीयूफ्रेक हाच ड्रायव्हर लागतो आणि भाराचा हिशेब मूळ वारंवारतेवरच केला जातो. अशा यंत्रावर हा दोष तपासायचा असेल तर गव्हर्नर शेडयुटिल ठेवून एक कोअर काही काळ रिकामा सोडावा, मग त्यावर न थांबणारे गणन लावावे आणि टर्बोस्टॅटसारख्या साधनाने एपर्फ-एमपर्फवरून काढलेला वेग पाहावा. शेड्यूलर भाराच्या हिशेबात जुन्या भाराचे वजन दर ३२ मिलिसेकंदांनी निम्मे करतो, म्हणून काही दशांश सेकंदात तो वेग मूळ वारंवारतेपर्यंत किंवा तिच्या पुढे गेला पाहिजे. तळाच्या ओळीवरच राहिला, तर सतत सर्वांत वरचा वेग मागणारा ‘परफॉर्मन्स’ हा गव्हर्नर लावून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. मग वेग चढला तर हार्डवेअर निर्दोष आहे, आणि भारासाठी वापरलेली कमाल व ड्रायव्हरने सांगितलेली कमाल हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.